सॅपमध्ये टेबलचा एरर आला की : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, 'की यूजर' (आपल्या विभागातर्फे सॅपचं काम पाहणारे) आणि विभागातली मंडळी. त्यांच्या स्क्रीनवर टेबलचं नाव असलेला एरर येतो आणि तो कोणाकडे न्यायचा हे त्यांना ठरवायचं असतं. दुसरे, सपोर्टमध्ये नव्याने आलेले बेसिसवाले (सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळणारे) आणि अबॅपवाले (सॅपच्या अबॅप भाषेत प्रोग्राम लिहिणारे). उदाहरणं बहुतेक ओरॅकल डेटाबेसवर चालणाऱ्या ईसीसी ६.० या सॅपच्या जुन्या आवृत्तीची आहेत, कारण अजून पुष्कळ कंपन्या तिथेच आहेत. हाना डेटाबेसवरच्या एस/४हाना या नव्या आवृत्तीत काय बदलतं ते पुढे वेगळं दिलं आहे.

एररमध्ये टेबलचं नाव आलं म्हणजे टेबल बिघडलं का?

बहुतेक वेळा नाही. 'टेबलचा एरर' म्हणून टिकिट येतं, पण टेबल आपल्या जागी ठणठणीत असतं. आधी एवढंच ठरवायचं, की तक्रार कोण करतंय.

स्क्रीनच्या तळाशी लाल पट्टीत संदेश आला असेल, तर तक्रार अ‍ॅप्लिकेशनची आहे. त्या संदेशावर डबल-क्लिक केलं की त्याचा वर्ग आणि क्रमांक दिसतो, उदाहरणार्थ एफ५ ७२७ किंवा एनआर ७५१. हा संदेश सॅपच्याच माणसाने विचार करून लिहिलेला असतो आणि तो बहुधा सेटिंगबद्दल किंवा भरलेल्या माहितीबद्दल काही सांगत असतो. बेसिसला फोन करायच्या आधी फंक्शनल कन्सल्टंटला दाखवा.

पूर्ण स्क्रीन भरून डम्प आला, तर प्रोग्राम मध्येच कोसळला आहे. तो का कोसळला ते एसटी२२ या टी-कोडमध्ये पाहावं लागतं (टी-कोड म्हणजे सॅपमधली एखादी स्क्रीन उघडणारा छोटा कोड; पुढे येणारे एसएम२१, एसएम१३ वगैरेही तसेच). त्या डम्पच्या पोटात 'ओआरए-' ने सुरू होणारा क्रमांक सापडला, तर मात्र तक्रार थेट डेटाबेसची आहे.

हे न पाहता 'टेबल रिपेअर करा' असं टिकिट काढलं, की पहिले दोन तास टिकिट या टीमकडून त्या टीमकडे फिरण्यात जातात.

एसटी२२ मधला डम्प वीस पानांचा असतो. त्यात नेमकं काय वाचायचं?

चार ठिकाणं पुरतात. सर्वात वर रनटाइम एररचं नाव असतं. त्याखाली 'एरर अ‍ॅनालिसिस' असतं, डेटाबेसचा मजकूर आणि ओआरए क्रमांक असेल तर तिथेच. मग प्रोग्रामचं नाव आणि ओळ: 'सोर्स कोड एक्स्ट्रॅक्ट' मध्ये डावीकडे बाणांची खूण असलेली ओळ म्हणजे प्रोग्राम पडला ती जागा. शेवटी 'अ‍ॅक्टिव्ह कॉल्स', म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्याची साखळी.

ही साखळी लोक वाचत नाहीत आणि खरी गोम तिथेच असते. कोसळलेली ओळ सॅपच्या स्टँडर्ड प्रोग्राममधली दिसते, म्हणून सगळे म्हणतात, 'हा तर सॅपचा बग'. चार पायऱ्या खाली पाहावं तर एखादा यूजर एक्झिट (स्टँडर्ड प्रोग्राममध्ये आपला कोड घालायची जागा) किंवा झेडने सुरू होणारा, म्हणजे कंपनीने स्वतः लिहून घेतलेला प्रोग्राम त्या स्टँडर्ड प्रोग्रामला चुकीची माहिती पुरवत असतो. साखळीत कुठेही झेड किंवा वाय दिसला, तर सॅपकडे जाण्याआधी आपल्या घरात शोधा.

डम्पच्या वेळेशी एसएम२१ मधला सिस्टीम लॉग ताडून पाहा. त्याच मिनिटाला दुसऱ्या पाचपन्नास यूजरनाही डम्प आले असतील, तर दोष त्या व्यवहाराचा नाही, खालच्या थराचा आहे.

'ड्युप्लिकेट की' किंवा ओआरए-००००१ कशामुळे येतो?

त्याच किल्लीची (ओळ ओळखण्याच्या रकान्यांची) ओळ टेबलमध्ये आधीच आहे आणि प्रोग्राम ती पुन्हा घालू पाहतोय, एवढाच त्याचा अर्थ. डेटाबेसने दार अडवलं, ते बरंच केलं. ती ओळ कुठून आली, ते मात्र शोधावं लागतं.

पहिला संशयित नंबर रेंज. सॅपमध्ये दस्तांचे पुढचे क्रमांक एनआरआयव्ही नावाच्या टेबलमध्ये असतात. सिस्टीम कॉपी, क्लायंट (सिस्टीममधला स्वतंत्र कप्पा) कॉपी किंवा नंबर रेंज ट्रान्सपोर्ट केल्यानंतर, म्हणजे एका सिस्टीममधून दुसऱ्या सिस्टीममध्ये पाठवल्यानंतर, कधीकधी तिथला 'सध्याचा क्रमांक' मागे राहतो. टेबलमध्ये ५०००७८९ पर्यंतचे दस्त आहेत आणि एनआरआयव्ही म्हणतंय, पुढचा ५०००४१२ घ्या. मग प्रत्येक सेव्हला डम्प. क्वालिटी (चाचणीची) सिस्टीम नव्याने भरल्यावर 'काल चालत होतं, आज काहीच सेव्ह होत नाही' अशी तक्रार आली, की आधी एसएनआरओ उघडून हे पाहावं. नंबर रेंज शक्यतो ट्रान्सपोर्ट करूच नये, असं सॅपही सांगतं. तरी लोक करतात, कारण ट्रान्सपोर्टचं बटण तिथेच समोर असतं.

दुसरा संशयित आपलाच झेड प्रोग्राम. टेबलमधला सर्वात मोठा क्रमांक वाचायचा, त्यात एक मिळवायचा आणि तो वापरायचा, ही युक्ती एक माणूस काम करत असेपर्यंत छान चालते. महिनाअखेरीला दोघांनी एकाच क्षणी सेव्ह केलं की दोघांनाही तोच क्रमांक मिळतो. यावर उपाय म्हणजे रीतसर नंबर रेंज ऑब्जेक्ट करून घेणं.

तिसरा संशयित, पाठवलेल्या यादीतच जोडओळी असणं. एक्सेलमधून आलेल्या अपलोडमध्ये हे सर्रास दिसतं. काही जण 'अ‍ॅक्सेप्टिंग ड्युप्लिकेट कीज' हे शब्द जोडून डम्प घालवतात. डम्प जातो, पण कोणत्या ओळी गाळल्या गेल्या याचा कुठे पत्ता लागत नाही. प्रोग्रामने आधी यादी तपासून गाळलेल्या ओळी यूजरला दाखवायला हव्यात.

'अनेबल टू एक्स्टेंड टेबल' आलं. ते टेबल फार मोठं झालंय का?

हा ओआरए-०१६५३. इंडेक्सबद्दल (ओळी लवकर शोधायची सूची) तक्रार असेल तर ०१६५४. संदेश साधारण असा असतो: सॅपएसआर३.ईडीआयडी४ हे टेबल ८१९२ ने वाढवता येत नाही, टेबलस्पेस पीसॅपएसआर३. टेबलस्पेस म्हणजे डेटाबेसमध्ये टेबलं ठेवायची जागा.

यातला ८१९२ हा आकडा ब्लॉकचा आहे. सॅपच्या ओरॅकलमध्ये एक ब्लॉक ८ केबीचा, म्हणजे टेबलला एकसलग ६४ एमबी जागा हवी होती आणि ती मिळाली नाही. टेबलस्पेसमध्ये एकूण ३०० एमबी मोकळे दिसत असतील आणि तरी हा एरर येईल, कारण ती जागा तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असते.

नाव आलेलं टेबल दोषी असेलच असं नाही. एसटी बस भरली आणि शेवटी चढणारा दारात लटकला, म्हणून गर्दी त्याने केली असं होत नाही. जागा कोणी खाल्ली ते डीबी०२ मध्ये टेबलांच्या आकाराचा आणि वाढीचा इतिहास उघडून पाहा. नेहमीचे खादाड ठरलेले आहेत: आयडॉकचं (सिस्टीममधल्या देवाणघेवाणीच्या निरोपांचं) ईडीआयडी४, अ‍ॅप्लिकेशन लॉगचं बीएएलडीएटी, स्पूलचं (छपाईच्या रांगेचं) टीएसटी०३, बॅच इनपुटचं एपीक्यूडी. यांची सफाई करणारे स्टँडर्ड जॉब एसएम३६ मधून लावता येतात. सिस्टीम उभी करताना 'नंतर लावू' म्हणून ते राहून जातात आणि तीनचार वर्षांनी एका मध्यरात्री आठवतात.

तातडीचा उपाय म्हणजे बीआरटूल्स या सॅपच्या ओरॅकलसाठीच्या साधनातून टेबलस्पेसला नवी डेटाफाइल जोडणं. 'ऑटोएक्स्टेंड चालू आहे, मग फाइल वाढली का नाही?' हा प्रश्न हमखास येतो. ८ केबी ब्लॉक असलेली साधी डेटाफाइल सुमारे ३२ जीबीच्या पुढे जातच नाही. शिवाय खालची फाइल सिस्टीमच भरली असेल, तर ऑटोएक्स्टेंड बापडं काय करणार?

जागा दिली की काम संपलं असं समजू नका. डेटाबेसचा गंभीर एरर आला की सॅप बरेचदा अपडेट यंत्रणा (ती काय करते ते पुढच्या प्रश्नात आहे) आपणहून बंद करतं. एसएम१४ मध्ये ती चालू आहे का ते पाहा, नसेल तर चालू करा, मग एसएम१३ उघडा.

दस्ताचा क्रमांक मिळाला, पण उघडायला गेलं तर दस्तच नाही. गेला कुठे?

अकाउंट्सच्या मंडळींना हा अनुभव फार घाबरवतो. बिल भरलं, सेव्ह केलं, हिरव्या खुणेसह '१९००००४५१२ पोस्ट झाला' असं आलं. एफबी०३ मध्ये तोच क्रमांक टाकला तर सॅप म्हणतं, असा दस्त नाही. थोड्या वेळाने सॅपच्या इनबॉक्समध्ये एक्सप्रेस निरोप येतो: 'अपडेट वॉज टर्मिनेटेड'. तो निरोप बहुतेक जण न वाचता बंद करतात.

घडतं ते असं. सेव्ह दाबल्यावर सॅप सगळी माहिती लगेच खऱ्या टेबलांत लिहीत नाही. आधी ती व्हीबीएचडीआर, व्हीबीएमओडी आणि व्हीबीडेटा या तीन टेबलांत रांगेला लावतं, तुम्हाला क्रमांक सांगून मोकळं करतं आणि मग वेगळी अपडेट प्रोसेस ती माहिती जागच्या जागी लिहिते. ही दुसरी पायरी पडली तर दस्त होत नाही, पण क्रमांक खर्ची पडलेला असतो.

एसएम१३ मध्ये यूजरच्या नावाने शोधा. स्थिती 'एरर' असेल तर ओळीवर डबल-क्लिक करून कोणतं फंक्शन पडलं ते पाहा, तिथूनच डम्पवर जाता येतं. 'रिपीट अपडेट' दाबायचा मोह आवरा. मधल्या काळात त्याच मटेरियलचा साठा दुसऱ्या कोणी हलवला असेल, तर जुनी माहिती नव्यावर चढेल. एरर असलेला मुख्य अपडेट पुन्हा न चालवता यूजरकडून व्यवहार नव्याने भरून घेणं, हा सुरक्षित मार्ग. 'इनिट' स्थितीत अडकलेल्या नोंदींची गोष्ट वेगळी. त्या अजून सुरूच झालेल्या नसतात, त्यामुळे अपडेट यंत्रणा चालू केल्यावर मार्गी लावता येतात.

वाया गेलेल्या क्रमांकाची नोंद ठेवा: तारीख, यूजर, कारण, एसएम१३ चा स्क्रीनशॉट. ऑडिटर क्रमांकातली फट विचारणारच.

मग विक्री बिलांच्या क्रमांकातही फटी का पडतात? जीएसटीला चालतं का?

सीजीएसटी नियम ४६ प्रमाणे करबीजकाचा क्रमांक सलग, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. सॅपमध्ये बिलिंगची नंबर रेंज सहसा बफर केलेली असते. सर्व्हर एकदम काही क्रमांक उचलून स्वतःच्या मेमरीत ठेवतो. सर्व्हर बंद-चालू झाला की न वापरलेले क्रमांक गेले. ही टेबलची चूक नव्हे, वेगासाठी केलेली तडजोड आहे. भारतीय कंपन्यांत म्हणूनच बीजकाचा कायदेशीर क्रमांक वेगळ्या, बफर नसलेल्या मालिकेतून देतात. तुमच्याकडे दोन्ही एकच असतील, तर फायनान्स आणि कन्सल्टंटना एकत्र बसवा.

१ एप्रिलला सकाळी एकही व्हाउचर पोस्ट होत नाही. डेटाबेस बंद पडलाय का?

डेटाबेस मजेत आहे. संदेश पाहा: 'आरएफ_बेलेग या ऑब्जेक्टसाठी ०१ हा इंटरव्हल नाही', म्हणजे एनआर ७५१. नव्या वर्षाची नंबर रेंज कोणी तयारच केलेली नाही.

एप्रिल ते मार्च चालणाऱ्या भारतीय कंपन्यांत सहसा व्ही३ हा वर्षप्रकार असतो आणि त्यात १ एप्रिल २०२६ ला सुरू होणारं वर्ष सॅपच्या लेखी २०२६. तुमच्या रेंज वर्षागणिक वेगळ्या असतील, तर एफबीएन१ मध्ये २०२६ च्या ओळी हव्यात. प्रत्येक कंपनी कोडसाठी हाताने भरत बसू नका, ओबीएच२ मधून मागच्या वर्षावरून एकदम नक्कल होते.

हे झालं की लगेच दुसरा संदेश येतो: पोस्टिंग पीरियड ००१/२०२६ उघडलेला नाही. तो ओबी५२ मधून उघडायचा. या दोन्ही गोष्टी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच उरकाव्यात. ३१ मार्चला रात्री सगळे क्लोजिंगमध्ये बुडालेले असतात आणि १ तारखेला गेटवर गाड्या उभ्या असतात, मग चलन निघेना म्हणून आरडाओरडा.

'मॅक्झिमम नंबर ऑफ आयटम्स इन एफआय रीच्ड' म्हणजे टेबल भरलं?

टेबल भरलेलं नाही, एका दस्तातल्या ओळी भरल्या. बीएसईजी टेबलमधला ओळक्रमांकाचा रकाना तीन अंकी आहे, म्हणून एका लेखा-दस्तात ९९९ ओळींच्या पुढे जाता येत नाही. मोठं बिल, प्रत्येक वस्तूवर दोनतीन कर, की एफआयकडे, म्हणजे सॅपच्या लेखा-भागाकडे, जाताना हजार ओलांडतातच. हाच एफ५ ७२७.

रकाना मोठा करा, अशी मागणी लोक गंभीरपणे करतात. ते करायचं नसतं. डॉक्युमेंट समरायझेशन लावून सारख्या ओळी एकत्र करता येतात, नाहीतर बिलाचे भाग पाडावे लागतात. समरायझेशन लावलं की मटेरियलनिहाय तपशील बीएसईजीत राहत नाही, तेव्हा त्यावर चालणारे झेड रिपोर्ट आधी तपासून घ्या.

टेबलमध्ये रकाना वाढवला आणि अ‍ॅक्टिव्हेशन अडकलं. एसई१४ मध्ये काय दाबायचं?

इथे घाई करू नका. या पानावरचा सर्वात धोक्याचा प्रसंग हाच आहे.

सॅपमध्ये टेबलचं रूप दोन ठिकाणी असतं: एक एसई११ मधली डिक्शनरी आणि दुसरं प्रत्यक्ष डेटाबेस. डिक्शनरीत बदल केला की डेटाबेसला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. नुसता शेवटी रकाना जोडला, तर हे क्षणात होतं. पण रकान्याची लांबी कमी केली, प्रकार बदलला किंवा किल्लीतला रकाना काढला, तर सॅप 'कन्व्हर्जन' करतं: जुन्या टेबलचं नाव बदलून त्याच्यापुढे क्यूसीएम ही अक्षरं लावतं, मूळ नावाने नवं कोरं टेबल बनवतं, क्यूसीएम टेबलातून माहिती त्यात ओततं आणि सगळं पार पडलं की क्यूसीएम पुसून टाकतं.

हे मध्येच थांबलं, जागा संपली म्हणा की जॉब कोणी मारला, की मूळ नावाचं टेबल रिकामं किंवा अर्धवट दिसतं. 'डेटा गेला!' असा बोभाटा होतो. डेटा गेलेला नसतो. तो क्यूसीएम टेबलात सुरक्षित बसलेला असतो, कोणीतरी 'हे अनोळखी टेबल कसलं' म्हणून ते पुसेपर्यंत.

तेव्हा आधी एसई१४ मध्ये टेबलचं नाव टाका. अर्धवट राहिलेलं कन्व्हर्जन असेल तर तिथे ते दिसतं, लॉगही पाहता येतो. ज्या कारणाने थांबलं ते कारण दूर करा आणि 'कंटिन्यू अ‍ॅडजस्टमेंट' करा. टेबल पुन्हा नव्याने अ‍ॅक्टिव्हेट करण्याच्या भानगडीत पडू नका.

नव्या अ‍ॅडजस्टमेंटच्या वेळी स्क्रीनवर दोन गोल पर्याय असतात, 'सेव्ह डेटा' आणि 'डिलीट डेटा'. 'सेव्ह डेटा' निवडून अडलं म्हणून दुसरा निवडून पाहणारे भेटतात. तो लगेच यशस्वी होतो, कारण टेबल पुसून नवं बनवायला काहीच अडचण नसते. रिकामं झेड टेबल असेल तर खुशाल करा. प्रोडक्शनमध्ये त्या पर्यायाजवळ माउस नेण्याआधी बॅकअप कधीचा आहे ते विचारा.

आणखी एक. किल्लीतला रकाना काढला की पूर्वी वेगळ्या असलेल्या ओळी एकसारख्या होतात. त्यातली एकच उरते, बाकीच्या जातात. 'सेव्ह डेटा' निवडूनही.

एसएम१२ मधलं लॉक काढून टाकलं तर काय बिघडतं?

कधी काहीच नाही, कधी बरंच. लॉक म्हणजे एकाने बदलायला घेतलेली नोंद दुसऱ्याला बदलू न देणारं कुलूप. एसएम१२ मधली लॉक डेटाबेसची नसतात, ती सॅपच्या एनक्यू (लॉक सांभाळणाऱ्या) सर्व्हरची असतात. यूजरचा लॅपटॉप बंद पडला आणि सेशन सर्व्हरवर तसंच राहिलं, तर लॉक उरतं. आधी एसएम०४ मध्ये त्याचं सेशन शोधून संपवा, लॉक आपोआप जातं.

निळ्या रंगात दिसणाऱ्या नोंदींना हात लावू नका. ती लॉक अपडेट प्रोसेसकडे गेलेली आहेत, म्हणजे एसएम१३ च्या रांगेत काही अर्धवट आहे. रांग मोकळी करा, लॉक सुटेल.

डेटाबेसच्या पातळीवरचा अडथळा डीबी०१ मध्ये दिसतो. डेडलॉक झाला (दोघं एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसले), म्हणजे ओआरए-०००६०, तर ओरॅकल स्वतःच दोघांतल्या एकाचं स्टेटमेंट सोडवून देतं. वारंवार होत असेल तर दोन समांतर जॉब तीच टेबलं उलटसुलट क्रमाने बदलत आहेत. अपडेटच्या आधी यादी किल्लीप्रमाणे सॉर्ट केली की बरेचसे डेडलॉक थांबतात.

रिपोर्ट दहा मिनिटांनी 'टाइम आउट' होतो. इंडेक्स बनवून द्याल का?

देऊ, पण आधी प्रोग्राम पाहू. दहा मिनिटं हा योगायोग नाही. डायलॉग (स्क्रीनवर काम चालवणाऱ्या) प्रोसेसची कमाल मर्यादा मूळ सेटिंगमध्ये ६०० सेकंद असते. बॅकग्राउंडला ती लागू नसते, म्हणून 'बॅकग्राउंडला चालतो' हा काही पुरावा नव्हे.

अबॅपमधला एक जुनाट सापळा इथे वारंवार निघतो: 'फॉर ऑल एन्ट्रीज'. ज्या यादीवरून शोधायचं ती यादीच रिकामी असेल, तर शोधाची एकही अट लागत नाही आणि प्रोग्राम पूर्ण टेबल उचलतो. चाचणीत यादी कधीच रिकामी नसते. प्रोडक्शनमध्ये नव्या प्लांटसाठी कोणी रिपोर्ट चालवला की रिकामी निघते, आणि काही कोटी ओळी मेमरीत येऊ लागतात. मग कधी टाइम आउट, कधी मेमरी संपल्याचा डम्प. उपाय एका ओळीचा आहे: यादी रिकामी नाही हे आधी तपासा. याच वाक्यरचनेचा दुसरा गुण असा की ती एकसारख्या ओळी गुपचूप एक करते. रकमांची बेरीज कमी येत असेल तर सगळी किल्ली निवडली आहे का ते पाहा.

एसटी०५ चा ट्रेस घेतल्यावरही कोड निर्दोष निघाला, तर इंडेक्सचा विचार करू. प्रत्येक नवा इंडेक्स प्रत्येक सेव्हला थोडा हळू करतो.

ओआरए-०१५७८ आला तर?

पळा. म्हणजे डीबीएकडे, डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे. या यादीत टेबल खरोखर बिघडल्याचं सांगणारा एरर हा एकच. डिस्कवरचा ब्लॉक खराब आहे. संदेशात फाइल क्रमांक आणि ब्लॉक क्रमांक असतो, त्यावरून डीबीए_एक्स्टेंट्स मध्ये कोणतं टेबल किंवा इंडेक्स ते शोधता येतं. इंडेक्स निघाला तर नशीब, पाडून पुन्हा बांधता येतो. टेबल निघालं तर चांगल्या बॅकअपमधून आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनाने तेवढा ब्लॉक परत आणता येतो, मात्र त्यानंतरचे आर्काइव्ह लॉग शाबूत हवेत. जुने बॅकअप या काळात पुसू नका, खराबी किती दिवसांपूर्वीची आहे हे अजून ठाऊक नसतं. स्टोरेजवाल्यांनाही लगेच सांगा.

एकच ओळ चुकली आहे. थेट एसक्यूएलने दुरुस्त केली तर?

करू नये. सॅपमध्ये एका व्यवहाराच्या खुणा डझनभर टेबलांत असतात. बीएसईजीमध्ये रक्कम बदलली, पण बीएसआयएसमध्ये तीच राहिली, खात्याची एकूण शिल्लक वेगळ्याच टेबलात, मग महिनाअखेरीला काहीच जुळत नाही आणि का जुळत नाही हे कोणाला सांगता येत नाही.

कायदाही आहे. कंपनी (लेखा) नियमांतल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहायला हवी आणि ती बंद करता येता कामा नये. डेटाबेसमधून केलेला बदल सॅपच्या लॉगमध्ये उमटत नाही, म्हणून ऑडिटर आता डेटाबेसचा लॉगही मागतात.

एसई१६एन मधला, टेबलातली ओळ थेट बदलू देणारा '&सॅप_एडिट' काही जुन्या मंडळींच्या अजून लक्षात आहे. सॅपने तो केव्हाच बंद केला. चालू होता तेव्हाही त्यातले बदल एसई१६एन_सीडी_की आणि एसई१६एन_सीडी_डेटा या टेबलांत टिपले जायचे, हे वापरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं.

एसएम३० मध्ये टेबल उघडतं, पण बदल करू देत नाही.

प्रोडक्शनमध्ये तेच अपेक्षित आहे, एससीसी४ मध्ये क्लायंटला कुलूप आहे. डेव्हलपमेंटमध्ये बदला, ट्रान्सपोर्टने पाठवा. 'मेंटेनन्स डायलॉग नाही' असं आलं तर अबॅपवाल्याने जनरेटर चालवलेला नाही.

एस/४हानावर गेल्यावर हे सगळं सुटेल का?

टेबलस्पेसची कटकट जाईल, दुसऱ्या येतील. हानाच्या कॉलम स्टोअरमध्ये एका टेबलात, किंवा पार्टिशन केलेलं असेल तर एका पार्टिशनमध्ये, सुमारे २१४ कोटी ओळींची मर्यादा आहे. हिशेबाच्या ओळी ठेवणारं एसीडीओसीए सारखं टेबल मोठ्या कंपनीत तिथवर पोचू शकतं. सूचना आधी मिळते, ती वाचून वेळीच पार्टिशन करायचं.

त्याहून जास्त त्रास जुन्या झेड प्रोग्रामांचा. साठ्याची टेबलं एमकेपीएफ आणि एमएसईजी नावाने वाचली तरी माहिती येते मॅटडॉकमधून. व्हीबीयूके आणि व्हीबीयूपी मधल्या स्थिती आता विक्री दस्ताच्या टेबलांतच आहेत. मटेरियल क्रमांक १८ वरून ४० अक्षरांचा झाला आहे. झेड टेबलात १८ चाच रकाना ठेवला, तर लांब क्रमांक कापला जातो.

आणि एक असा दोष जो एररच देत नाही. ओरॅकलमध्ये ओळी बहुधा किल्लीच्या क्रमाने यायच्या, कोणी न सांगता. त्यावर विसंबून अनेकांनी पुढे बायनरी सर्च (ओळी क्रमाने लावलेल्या आहेत असं धरून चालणारा शोध) लिहिला. हानात क्रमाची कोणतीही हमी नाही. प्रोग्राम चालतो, डम्प येत नाही, काही ओळी मात्र 'सापडत नाहीत'. मायग्रेशनच्या चाचणीत आकडे तंतोतंत ताडून पाहण्याला पर्याय नाही तो यामुळे.

मराठी नावांच्या जागी #### किंवा ???? दिसतं.

आधी हे ठरवा, की माहिती बिघडली आहे की फक्त दिसत नाही. डीबगरमध्ये त्या रकान्याचं हेक्स रूप पाहा. 'क' चा युनिकोड क्रमांक ०९१५ दिसला, तर टेबलमध्ये अक्षर शाबूत आहे. दोष फॉन्टचा किंवा प्रिंटरच्या डिव्हाइस टाइपचा. ००२३ दिसला, तर खरोखरच # साठवला गेलाय. मूळ फाइल आणा आणि पुन्हा अपलोड करा. प्रश्नचिन्हं बहुतेकदा एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत सेव्ह केल्याने येतात, यूटीएफ-८ निवडायला हवं. शेतकऱ्यांच्या किंवा सभासदांच्या जुन्या याद्यांत कधी तिसराच प्रकार निघतो: जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं, जी टेबलात इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखी दिसतात. ती अपलोडआधी कन्व्हर्टरमधून काढावी लागतात, आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

टिकिटात काय लिहावं?

सिस्टीम आणि क्लायंट, यूजर आयडी, टी-कोड, मिनिटापर्यंतची वेळ, संदेशाचा वर्ग आणि क्रमांक, दस्त किंवा मटेरियल क्रमांक, आणि एकालाच येतंय की सगळ्यांना. 'काल काय बदललं?' याचं उत्तरही लिहा. 'काहीच नाही' असं लिहिण्याआधी एसटीएमएसच्या इम्पोर्ट हिस्टरीत काल रात्री कोणती ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट गेली ते बघा, आणि रिटर्न कोड ८ (इम्पोर्टमध्ये एरर) असेल तर तिचा लॉग सोबत जोडा.